कदम काका सगळ्यांना मिळत नाहीत

रवी जाधवांचा ‘बालक-पालक’ मी पहिल्यांदा पाहिला २०१३ साली, दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, तळहाताएवढ्या मोबाईलवर. आमच्याकडे, इंदापूर तालुक्यात, तेव्हा एसटी स्टँडजवळच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. गाणी, पिक्चर आणि दुकानदार ओळखीचा असेल तर ‘त्या’ क्लिपा. त्यामुळे आमच्या कार्डात हा पिक्चरही होता आणि पिक्चर ज्याबद्दल आहे तो मालही. पिक्चरमधल्या पोरांना व्हीसीआर लागायचा, विशू लागायचा. आम्हाला वीस रुपये आणि थोडं धाडस पुरलं. २०१६ मध्ये जिओ आल्यावर धाडसाचीही गरज उरली नाही.

यंदा तो पुन्हा पाहिला, त्याला कारण माझी चुलत बहीण. ती दहावीला आहे, बारामतीजवळच्या एका शाळेत. पावसाळ्यात तिने व्हॉट्सअ‍ॅपवर विज्ञान भाग २ मधल्या तिसऱ्या धड्याचा फोटो पाठवला. सरांनी ‘हा घरी वाचा’ म्हणून सांगितलं होतं. खाली तिचा प्रश्न : “दादा, हे येतं का परीक्षेला?” मी लिहिलं, “येतं.” आणि फोन पालथा ठेवला. तेरा वर्षांपूर्वी आमच्या सरांनीही हेच वाक्य म्हटलं होतं.

‘बालक-पालक’ची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. ऐंशीच्या दशकातली मुंबईची चाळ. ज्योतीताई अचानक चाळ सोडून जाते. मोठी माणसं कुजबुजतात की तिने ‘शेण खाल्लं’. अव्या, भाग्या, डॉली आणि चिऊ या चौघांना शेण खाणं म्हणजे काय ते शोधायचं असतं. आईबाप सांगत नाहीत, मग सगळं माहीत असलेला विशू सांगतो. कॅसेट लागते आणि त्यानंतर चौघं एकमेकांकडे आधीसारखं बघू शकत नाहीत. शेवटी कदम काका, म्हणजे किशोर कदम, त्यांना जवळ बसवून नीट समजावतात.

पिक्चरचं बळ त्याच्या विनोदाच्या दिशेत आहे. हसू येतं ते पोरांच्या अज्ञानापेक्षा मोठ्यांच्या घाबरण्याला. कुतूहल हा गुन्हा नाही हे तो भाषण न देता दाखवतो. मराठीत त्याआधी मुख्य धारेच्या पिक्चरने हे इतक्या मोकळेपणाने केल्याचं मला आठवत नाही.

पण यंदा दोन गोष्टी खटकल्या. पहिली, ज्योतीताई. सगळी गोष्ट तिच्यापासून सुरू होते आणि तिच्याशिवायच पुढे जाते. ती पोरांसाठी कोडं आहे, आपल्यासाठीही कोडंच राहते. तिला काय माहीत होतं, काय नव्हतं, तिच्या मनाने झालं की मनाविरुद्ध, हे कुणी विचारत नाही. पिक्चर ‘शेण’ या शब्दाचा अर्थ शोधतो, पण ज्या मुलीवर तो शब्द फेकला गेला तिला शोधत नाही.

दुसरी, कदम काका. माणूस गोड आहे, बोलतोही छान. पण तो चाळीत राहतो हा योगायोग आहे. पिक्चरचं सांगणं आहे, ‘पालकांनो, बोला’. बरोबरच आहे. पण ज्या घरात आईची पहाट गोठ्यात आणि दिवस उसात जातो, जिला स्वतःच्या पाळीबद्दल ‘बाजूला बसणं’ याखेरीज शब्दच मिळाला नाही, तिने कुठल्या शब्दांत बोलायचं? चाळीत कदम काका सापडतात. वाडीवर सापडतीलच असं नाही. प्रत्येक वाडीतलं पोर ज्या एका जागी जातं ती शाळा, आणि पिक्चर तिच्याकडे वळत नाही.

म्हणून मी तिसरा धडा पुस्तकाच्या परीक्षणासाठी वाचावा तसा वाचला. वाईट नाही. यीस्टचं कलिकायन, प्लॅनेरियाचं पुनर्जनन, फुलाची रचना, मग माणसाचे अवयव, संप्रेरकं, मासिक पाळी, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी. माहिती भरपूर आहे. अडचण व्याकरणाची आहे. या धड्यात कर्ता नाही. शुक्रपेशी जाते, अंडपेशी येते, फलन होतं. सगळं आपोआप. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी नाही म्हणत नाही, कुणी घाबरत नाही. पिक्चरमध्ये माणसं आहेत पण शाळा नाही, धड्यात शाळा आहे पण माणसं नाहीत.

युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत सर्वंकष लैंगिकता शिक्षण पाचव्या वर्षापासून सुरू होतं आणि त्यात शरीराइतकीच जागा नाती, संमती आणि सुरक्षितता यांना आहे. पाच वर्षांच्या मुलाला शिकवायचं ते एवढंच की तुझं शरीर तुझं आहे. आपल्याकडे हे नाव काढलं की लोकांना थेट कॅसेटच आठवते. २००७ साली महाराष्ट्राने शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा मी चौथीत होतो. संस्कृतीचं कारण सांगितलं गेलं. संस्कृती वाचली की नाही माहीत नाही, मेमरी कार्डवाल्याचा धंदा मात्र वाढला. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबद्दल निकाल देताना सर्वंकष लैंगिक शिक्षणाची शिफारस केली.

संस्कृतीच म्हणाल तर र. धों. कर्वेही आपलेच. गणिताचे प्राध्यापक. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचक पत्रातून विचारायचे, कर्वे छापून उत्तर द्यायचे. १९३४ च्या खटल्याचा विषय अशीच उत्तरं होता आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरला. पण पद्धत बघा : विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात, आणि उत्तरात लाज नाही. धडा लिहिणाऱ्यांना आजही एवढी एक गोष्ट उचलता येईल.

२०२४ मध्ये बारामतीत ‘शक्ती अभियान’ सुरू झालं, तक्रार टाकण्यासाठी ‘शक्ती बॉक्स’ आले. चांगलं झालं. पण पेटीत चिठ्ठी टाकण्यासाठी आधी वाक्य लिहावं लागतं. आपल्यासोबत काय झालं, शरीराच्या कुठल्या भागाला हात लागला, ते चूक का होतं, यातलं एकही वाक्य शाळेने शिकवलेलं नसेल तर ती मुलगी चिठ्ठीवर काय लिहिणार?

दिवाळीनंतर मी बहिणीला फोन केला. कदम काका व्हायचं ठरवून, खरंतर. घशाला कोरड पडली होती. “धड्यातलं काय कळलं नव्हतं तुला?”

“कळलं होतं सगळं. मैत्रिणीसाठी विचारत होते.” मग आवाज बारीक करून, “ती दिवाळीपासून येतच नाही शाळेत. बाई म्हणतात, तिचं जमवलंय.”

मी तिला सांगितलं, अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, १०९८ वर फोन करता येतो, नाव गुप्त ठेवतात. तिने नंबर लिहून घेतला.

“पण दादा, तिच्याकडे कुठंय मोबाईल?”

“तू कर.”

“मी?” ती बराच वेळ गप्प. “थांब, आई आली.”

फोन ठेवल्यावर मला धडा आठवला. सरांनी ‘घरी वाचा’ म्हटलं, तेव्हा ती मैत्रीण वर्गात होती.