दाबयुक्त उल्लोळ टाकीच्या प्रतिमानातील गृहीतके : एक चिकित्सा

नेवासा तालुक्यातील घोडेगावासारख्या पठारी भागात नळयोजनेचे पाणी पंपाने चढवावे लागते. वीज अचानक खंडित झाल्यास नळातील वेग बदलतो व जलाघात उद्भवतो. झुकोव्हस्की यांच्या १८९८ मधील सूत्रानुसार, दाबलहरीचा वेग सेकंदाला १००० मीटर असल्यास प्रवाहाच्या वेगातील १ मीटरचा बदल सुमारे १०२ मीटर दाबफरक घडवितो.

कोयना प्रकल्पातील उल्लोळ विहीर खुली आहे. पंपाजवळ दाब मोठा असल्याने तशी विहीर फार उंच बांधावी लागेल. म्हणून तेथे वर हवा व खाली पाणी असलेली बंद टाकी बसवितात.

प्रतिमानात या टाकीतील हवेचा दाब निरपेक्ष घेणे आवश्यक असते. दाबमापकावरील आकडा तसाच भरल्यास निष्कर्ष फसवा ठरतो. समजा, मापकावर ४० मीटर दाब असताना १० घनमीटर असलेली हवा प्रसरण पावून १५ घनमीटर झाली. घातांक १.२ घेता शिल्लक दाब २०.९ मीटर येतो. घोडेगावच्या उंचीवरील वातावरणाचा सुमारे ९.७ मीटर दाब वगळल्यास तो २४.६ दिसतो. हा फरक धोक्याच्या बाजूचा आहे, कारण उंचवट्यावर जलस्तंभ तुटण्याची शक्यता त्यामुळे झाकली जाते.

शिवाय टाकीतील हवा पाण्यात विरघळत जाते. कॉम्प्रेसरने ती भरून न काढल्यास प्रारंभिक घनफळ केवळ कागदावर उरते. यास्तव हवेचे किमान संभाव्य घनफळ धरूनही प्रतिमान तपासणे अगत्याचे होय. अन्यथा गणित बिनचूक राहील, पण नळ फुटेल.