‘ब्र’ आणि ‘कुहू’ : स्त्री-लेखनातील डिजिटल साक्षरता व नागरी सहभाग

समकालीन मराठी स्त्री-लेखनाच्या संदर्भात डिजिटल साक्षरतेचा विचार बहुधा माध्यमापुरताच केला जातो. त्यामुळे कविता महाजन (१९६७–२०१८) यांच्या ‘कुहू’ (२०११) या मल्टिमीडिया कादंबरीचा उल्लेख हटकून होतो. ‘ब्र’ (२००५) मात्र या चर्चेतून गळते. ही उपेक्षा तपासून पाहणे आवश्यक आहे.

७३व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेण्यात आले. ‘ब्र’मधील प्रफुल्ला स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागातील महिला सरपंचांपर्यंत पोचते. निवडून येणे आणि कारभार हाती येणे यांतील अंतर हीच या कादंबरीची खरी भूमी आहे. शीर्षकातील एकाक्षरी शब्द तोंड उघडण्याच्या मनाईकडेच निर्देश करतो. येथे साक्षरता म्हणजे अक्षरओळख नव्हे. आपल्या नावे काय लिहिले गेले, हे विचारण्याचे बळ होय.

हा प्रश्न आज अधिक बिकट झाला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत देयके अदा करताना सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी लागते. ती एका लहानशा उपकरणात साठवलेली असते आणि ते उपकरण, पासवर्डासह, कोणाच्याही खिशात राहू शकते. अंगठा घेण्यासाठी निदान बाईला समोर बसवावे लागे. आता तेवढीही गरज उरत नाही. ‘ब्र’ या प्रणालीपूर्वीची असूनही तिचे पुनर्वाचन म्हणूनच अगत्याचे ठरते.

‘कुहू’चे धाडस निर्विवाद आहे. शब्द, चित्र व ध्वनी यांची एकत्र गुंफण करण्याचा असा प्रयत्न मराठीत अपूर्वच होता. तथापि तिचा दृक्-श्राव्य भाग तबकडीवर आहे आणि तबकडी चालवणारे यंत्र नव्या संगणकांतून नाहीसे होत चालले आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले, दीर्घकाळ विस्मृतीत राहिले, तरी कागदामुळे पुन्हा हाती लागले. तबकडीला हे भाग्य लाभेलच असे नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ‘कुहू’ची प्रत दाखल करून घेताना तिच्यासोबतची तबकडी अद्याप चालते की नाही, एवढे तरी पाहावे.