कृपणाची पेटी आणि काकूंची पुरचुंडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या वाचन-बैठकीत आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' वाचले गेले. मोलिएरच्या 'लाव्हार' (1668) या फ्रेंच नाटकावरून ते बेतलेले आहे, हे जाणकारांना ठाऊक असेलच. बैठकीत हशा पिकला. शेवटी एका ज्येष्ठ सभासदांनी उद्गार काढले, की असा एक तरी कवडीचुंबक प्रत्येक जुन्या घराण्यात होऊन गेलेला असतो. सर्वांनी माना डोलावल्या, आम्हीही डोलावली. घरी परतताना मात्र त्या होकाराची रुखरुख लागली. कारण त्याच दिवसांत आम्ही आमच्या दिवंगत काकूंचे हिशेब मिटवीत होतो. या टिपणाचे निमित्त तेच.

साठवलेल्या, विशेषतः लपवून साठवलेल्या पैशाकडे साहित्याने कोणत्या दृष्टीने पाहिले, असा प्रश्न केला तर उत्तर बहुधा एकच येते : लोभ म्हणून. मोलिएरचा आर्पागाँ दहा हजार एक्यूंची पेटी बागेत पुरतो. ती चोरीस गेल्यावर त्याची शुद्ध हरपते आणि अखेरीस मुलांच्या लग्नांना संमती देऊन तो ती परत मिळवतो. त्याला मुले आणि पेटी यांत निवड करावयाची असते आणि तो पेटी निवडतो. प्रेक्षक हसतात, कारण निकाल आधीच लागलेला असतो.

बाल्झाकची 'युजेनी ग्रँदे' (1833) ही कादंबरी याहून खोल जाते. म्हातारा ग्रँदे घरातल्या साखरेचे खडेदेखील मोजून देतो. पत्नी वारल्यावर मुलीकडून तो आईच्या वारशाचे हक्कसोडपत्र करून घेतो. आयुष्याची छत्तीस वर्षे राज्याच्या कोषालय सेवेत घालविलेल्या आमच्यासारख्याला हा प्रसंग कादंबरीतला वाटतच नाही; असे कागद आम्ही पुष्कळ पाहिले. बाप गेल्यावर युजेनीला संपत्तीचा खरा आकडा कळतो. पण बाल्झाकची प्रतिभा आकड्यात नाही, त्यानंतरच्या एका तपशिलात आहे : एवढी श्रीमंत झालेली ही बाई पुढेही बापाने ज्या दिवशी परवानगी दिली असती त्याच दिवशी खोलीतली शेगडी पेटवू देते. वारसा पैशाचा नसतो, सवयीचा असतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

तरीही या दोन्ही कृतींत पैसा लपविणारा कोण आहे, हे पाहावे. तो घराचा धनी आहे. किल्ल्या त्याच्याच कमरेला आहेत. त्याला लपवावे लागत नाही, तो लपवितो. ज्याला लपविल्यावाचून गत्यंतर नाही अशा माणसाची पुरचुंडी या चौकटीत बसत नाही. बाल्झाकला न्याय द्यावयाचा तर युजेनीची स्वतःची सोन्याची नाणी येथे आठवावी लागतील. ती ती चुलतभावाला देऊन टाकते आणि त्यापायी खोलीत कोंडली जाते. म्हणजे बाल्झाकने दुसरी बाजू पाहिली होती. मात्र मराठी रंगभूमीने उचलला तो पहिल्या बाजूचा विनोद.

आमच्या काकू वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. मूलबाळ नव्हते. इंदुरातल्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांनी शिवणकाम आणि पापड-कुरड्यांवर आयुष्य काढले. 1994 पासून, आमची बदली बाहेरगावी झाल्यावर, आम्ही त्यांना दरमहा मनिऑर्डर पाठवीत असू. सुटीत गेलो की त्यांच्या अंगावर तेच ठिगळाचे लुगडे दिसे आणि आम्ही मनात म्हणत असू, "चिकट स्वभाव, दुसरे काय!" पुढे घरातल्या सर्वांचेच हे मत झाले.

त्या वारल्यावर देव्हाऱ्याखालच्या फडताळातून पोस्टाची तीन पासबुके, काही किसान विकास पत्रे आणि एक वही निघाली. वहीत आमची प्रत्येक मनिऑर्डर तारखेनिशी मांडलेली होती आणि समोर दोनच शब्द : पोस्टात टाकले. अखेरच्या पानावर, शेवटच्या दुखण्याचा आणि दिवसपाण्याचा खर्च यातून व्हावा, कोणावर पडू नये, एवढेच लिहिले होते. दुखणे दोन दिवसांचे झाले. पैसा तसाच राहिला.

आणखी एक कापडी पुरचुंडी होती. तीत पाचशेच्या जुन्या नऊ नोटा होत्या. 8 नोव्हेंबर 2016 रोजी त्या चलनातून गेल्या. बँकेत भरण्याची मुदत 30 डिसेंबरपर्यंत होती. त्या मुदतीत आम्ही काकूंकडे गेलो होतो. "काकू, जुन्या नोटा नाहीत ना काही?" असे उंबऱ्यातूनच विचारले होते. "नाहीत रे बाबा," त्या म्हणाल्या आणि आम्ही सुटल्यासारखे निघालो. नोटा बदलावयाच्या तर कोणाला तरी सांगावे लागले असते. साडेचार हजार बुडाले तरी चालतील, पण सांगणे नको, असे त्यांना वाटावे, याचा जाब कृपणतेकडे मागता येत नाही. तो आमच्याकडे मागावा लागतो.

कायद्याचे गणितही पाहा. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नसल्यास, पतीच्या वारसांकडे जाते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात सासरहून हाकलून दिलेल्या आणि माहेरच्यांनी शिकविलेल्या विधवेची शिल्लकही याच न्यायाने सासरकडे गेली. ज्या घरापासून पैसा राखून ठेवला त्याच घराकडे तो परत आला. आमच्याकडेही तेच झाले. कायदेशीर वारस आम्हीच.

आता प्रेमचंदांचे 'गोदान' (1936). नातवाला दूध मिळावे म्हणून गाय घ्यावयाची, या आशेने होरी दिवसा खडी खोदतो आणि रात्री पतिपत्नी दिव्याच्या उजेडात सुतळी वळीत बसतात. होरी उन्हाने कोसळतो, तेव्हा धनिया त्याच दिवशी सुतळी विकून आलेले वीस आणे त्याच्या थंड हातावर ठेवते. तेच त्याचे गोदान. समीक्षकांनी या शेवटात धर्मरूढीवरचा आघात पाहिला, तो योग्यच आहे. आम्हाला मात्र आज त्यात आणखी एक गोष्ट दिसते. धनियाला फडताळे उचकावी लागत नाहीत. वीस आणे कोठे आहेत हे तिला ठाऊक आहे, कारण ती सुतळी दोघांनी मिळून वळलेली आहे. त्या घरात दारिद्र्य आहे, पण लपवालपवी नाही.

प्रहसनाने माणसाचा नमुना करावा, हा त्याचा धर्मच आहे, असे कोणी म्हणेल आणि ते आम्हाला मान्य आहे. तक्रार प्रहसनाविषयी नाही, ते वाचून घरच्या माणसांवर शिक्का मारणाऱ्या आमच्यासारख्या वाचकांविषयी आहे. लपविलेली शिल्लक सापडली की किती, हे आपण प्रथम मोजतो. कोणापासून लपविली, हा प्रश्न त्यानंतरही बहुधा येत नाही. बाल्झाक आणि प्रेमचंद तो विचारावयास लावतात, म्हणून ते मोठे.

पुढच्या बैठकीत 'गोदान'चे अखेरचे प्रकरण वाचावे, अशी सूचना आम्ही मंडळाकडे दिली आहे. काकूंच्या पासबुकांतली रक्कम यथाविधी मिळाली. नऊ नोटा वहीत ठेवल्या आहेत. त्या कोणाला दाखविण्याचे धैर्य अद्याप झालेले नाही.