कर्णाची उपेक्षा आणि कर्णाचा अपराध

कुंभकोणम हे नाव बदलीच्या हुकुमात वाचण्यापूर्वी आमच्यापैकी काहींनी ते महाभारताच्या संदर्भात ऐकलेले असते. टी. आर. कृष्णाचार्य व टी. आर. व्यासाचार्य यांनी दाक्षिणात्य पाठांच्या आधारे सिद्ध केलेली महाभारताची आवृत्ती १९०६ पासून या गावातून प्रसिद्ध होऊ लागली. छापली मात्र ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात. कावेरीकाठच्या या गावाशी आपला असा जुना ऋणानुबंध आहे. तेव्हा येथे बसून कर्णाविषयी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

कर्ण हा मराठी वाचकाचा लाडका. शिरवाडकरांचे 'कौंतेय' (१९५३), सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसायांची 'राधेय' (१९७३) यांनी त्याला घराघरांत नेले. तमिळ मुलुखातही तेच. १९६४ च्या 'कर्णन' चित्रपटात ही भूमिका केली शिवाजी गणेशन यांनी. त्यांचे 'शिवाजी' हे नावही शिवछत्रपतींची भूमिका केल्यामुळे मिळालेले! कर्णाच्या पारड्यात पडलेली ही सहानुभूती योग्यच आहे. आमची तक्रार एवढीच, की तिच्या भरात आपण व्यासांनी दाखविलेली एक अवघड गोष्ट नजरेआड करतो. उपेक्षेतून हिंसा कशी निपजते आणि ती अखेर कोणावर कोसळते, ही ती गोष्ट होय.

रंगभूमीवरचा प्रसंग पाहा. कर्णाला अडविणारा कृप हा दुष्ट नव्हे. द्वंद्वयुद्धाचे आचार जाणणारा म्हणून व्यास त्याची ओळख करून देतात. तो केवळ नियमानुसार कुळ विचारतो, आणि कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तत्क्षणी त्याला अंगदेशचे राज्य देतो. एवढ्यात घामाने भिजलेला, काठीच्या आधाराने थरथरत चालणारा अधिरथ तेथे येतो. कर्ण धनुष्य टाकून अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्यापुढे नमवितो. भीम हसतो आणि याने आता चाबूकच हाती घ्यावा असे सुचवितो. घरी कर्णाला माया कमी नव्हती. परंतु भर सभेत झालेली मानहानी घरच्या मायेने भरून निघत नाही.

तथापि नाकारलेला प्रत्येक जण क्रूर होत नाही. जन्मामुळे विदुरही राज्याला मुकला. परंतु भीष्माने त्याला धृतराष्ट्र व पांडू यांच्याबरोबर वाढविले; दरबारात त्याचे म्हणणे मानले जात नसले तरी त्याला बोलण्याचा अधिकार होता. कर्णाला अनेक दारे बंद झाली आणि एकच उघडले. त्या दाराची किंमत होती धन्याचे वैर आपले मानणे. उपेक्षेने कर्ण एकाकी झाला. त्याला हिंसक केले ते या अटीवर मिळालेल्या आपलेपणाने. आमच्या मते कर्णकथेचे मर्म येथे आहे.

पुढे त्याचा संताप कोणावर निघाला? द्यूतसभेत विकर्ण द्रौपदीची बाजू घेतो, तेव्हा त्याला गप्प करणारा कर्णच. तिला वेश्या म्हणणारा आणि वस्त्रे हिरावून घेण्यास सांगणारा कर्णच. सूत म्हणून हिणविलेल्या माणसाला भर सभेत मान खाली घालण्याचे दुःख सर्वांहून अधिक ठाऊक असावयास हवे होते. पुढे द्रोणाच्या सल्ल्याने तो अभिमन्यूचे धनुष्य तोडतो. हाच तो द्रोण, ज्याने त्याला ब्रह्मास्त्र नाकारले होते असे शांतिपर्वात नारद सांगतो. ज्यांनी झिडकारले त्यांच्याच पंक्तीला तो अखेर बसतो. पण एका एकट्या पडलेल्या पोराच्या वधासाठी!

द्रौपदीने स्वयंवरात सूतपुत्र म्हणून त्याला नाकारले, म्हणून तो सभेत तसे बोलला, असे समर्थन नेहमी ऐकू येते. परंतु सुकथनकरांनी संपादिलेल्या, १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या आदिपर्वात तो नकार मूळ संहितेत घेतलेला नाही; तो तळटिपेत आहे. पुढच्या काळातील कथेकऱ्यांना कर्णाच्या शब्दांना एखादे कारण जोडून द्यावेसे वाटले असावे, असा आमचा तर्क आहे. खुद्द कर्णाला मात्र त्याची गरज वाटली नाही. उद्योगपर्वात तो कृष्णाजवळ कबूल करतो, की दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना कटू बोललो आणि त्याचा आज पश्चात्ताप होतो. कर्णाने स्वतःला जितके ओळखले तितके त्याच्या कैवाऱ्यांनी त्याला ओळखले नाही. 'युगान्त'मध्ये (१९६७) इरावतीबाई कर्व्यांनी त्याच्याकडे भाबडेपणाने न पाहता चिकित्सकपणे पाहिले, म्हणूनच ते लेखन आम्हांस मोलाचे वाटते.

परमुलुखात नोकरी करणाऱ्या आपणांस परकेपणाचा थोडा अनुभव असतोच. वरिष्ठांनी केलेला अपमान शिपायावर किंवा दाराशी ताटकळणाऱ्या अर्जदारावर काढण्याचा मोह कोणाला झाला नसेल? पण आपल्याला याहून जवळचा आहे तो कृप. नियमाचा प्रश्न तो सभ्यपणे विचारतो, समोरच्याची मान खाली गेलेली पाहतो आणि आपले काम संपले असे समजतो. त्याने मिटलेल्या दाराबाहेर दुर्योधन उभा असतो. हे ध्यानात ठेवून कर्णकथा पुन्हा वाचावी, आणि वाचून झाल्यावर उद्याच्या टपालातील अर्ज उघडावेत.