‘दाई’ : एका शब्दाने झाकलेला इतिहास

भारतातील प्रसूतिसेवेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला जो ग्रंथ टाळता येत नाही, तो म्हणजे व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप्स फंडाचा १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल होय. देशी प्रसूतिकारिणींना शिक्षण द्यावे या हेतूने हा निधी लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये उभा राहिला. अहवालात आपापल्या प्रांतातील अनुभव सांगणाऱ्या लेखिका म्हणजे वैद्यकीय पदवीधर स्त्रिया आणि प्रमाणपत्रधारक प्रसूतिकारिणी. ज्यांच्याविषयी हे सारे लेखन आहे, त्या निरक्षर स्त्रियांचे स्वतःचे निवेदन त्यात असणे शक्यच नव्हते. पुढे १९२७ मध्ये कॅथरिन मेयो हिने ‘मदर इंडिया’त याच अहवालातील वर्णनांचा आधार घेतला आणि ‘दाई’ ही अज्ञान व अस्वच्छता यांची मूर्ती म्हणून जगापुढे उभी राहिली.

अहवालातील तक्रारी खोट्या होत्या असे मुळीच म्हणता येणार नाही. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा अर्भकांचा धनुर्वात आणि न धुतलेल्या हातांमुळे होणारा सूतिकाज्वर यांनी असंख्य जीव घेतले, हे निर्विवाद आहे. परंतु घाणेरडे हात हा काही निरक्षर प्रसूतिकारिणीचाच मक्ता नव्हता. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ मध्ये सेमेलवाइस याला आढळले ते असे की, डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी ज्या विभागात काम करीत, तेथील बाळंतिणींचे मृत्यू प्रसूतिकारिणींच्या विभागापेक्षा पुष्कळच अधिक होते. शवविच्छेदन करून आलेले हात त्याला कारण होते. अहवालाचे खरे वैगुण्य वेगळ्याच ठिकाणी आहे. ते त्याच्या शब्दयोजनेत आहे.

अहवालाने देशभरच्या प्रसूतिकारिणींसाठी ‘दाई’ हा एकच शब्द वापरला. पंजाब आणि संयुक्त प्रांत यांपुरता तो यथार्थ होता. पण शब्दाचे मूळ पाहिले तर तो प्रसूतीचा शब्दच नव्हे. फारसी ‘दाया’ आणि संस्कृत ‘धात्री’ ही एकाच कुळातील भावंडे. दोहोंच्या मुळाशी स्तनपानाची कल्पना आहे. जुन्या मराठी वापरातही ‘दाई’ म्हणजे प्रामुख्याने दूध पाजणारी, मूल सांभाळणारी स्त्री. संभाजीराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ परंपरेने ‘दूधआई’ म्हणून ओळखली जाते. तिला कोणी सुईण म्हणणार नाही.

मराठीतील ‘सुईण’ आणि गुजरातीतील ‘सुयाणी’ यांचा संबंध प्रसवार्थी ‘सू’ धातूशी आहे. कन्नड ‘सूलगित्ती’ या शब्दातही ‘सूल’ म्हणजे गर्भ, प्रसव. येथे नाव कर्मावरून पडले. गोमंतकात मात्र तिला ‘वैजीण’ म्हणतात, आणि हे वैद्याचे स्त्रीलिंगी रूप आहे. तमिळमधील ‘मरुत्तुवच्चि’ हा शब्दही तसाच. ‘मरुत्तुवन्’ म्हणजे वैद्य, आणि या स्त्रिया परंपरेने शस्त्रकर्म व औषधोपचार करणाऱ्या नापित समाजातील असत. जेथे समाजाने तिला वैद्यांत गणले, तेथेही अहवालाने तिला दाई केले. एका शब्दाच्या सपाटीकरणात तीन भिन्न सामाजिक दर्जे लोपले. अहवाल लिहिणाऱ्यांना याची जाणीव असल्याचे दिसत नाही. सोयीचा शब्द हाती आला आणि तो सर्वत्र चालला, इतकेच.

याहून गंभीर हानी कार्यक्षेत्राच्या बाबतीत झाली. मराठी खेड्यातील सुईण, जी अनेक गावी मातंग समाजातील असे, मूल जन्मले की निघून जात नसे. वार पुरणे, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे, शेकशेगडी करणे, पाचवी-सटवीच्या विधीत आपला मान घेणे, अशी तिची सेवा पुढे कित्येक दिवस चाले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर प्रसव आणि परिचर्या ही दोन्ही कामे एकाच हाती होती. अहवालाने तिची परीक्षा केली ती केवळ प्रसवाच्या घटकेची. उरलेले दहा-बारा दिवस त्याच्या दृष्टीने जवळजवळ घडलेच नाहीत.

ही एकत्रता केवळ ग्रामीण रूढी नव्हती. सुश्रुताने शारीरस्थानात सूतिकेजवळ चार विश्वासू, प्रौढ, प्रसवकुशल आणि नखे कापलेल्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. आणि त्यांच्या कामासाठी योजलेले क्रियापद ‘परि-चर्’ हेच आहे, ज्यावरून आपली ‘परिचारिका’ आली. नखांच्या त्या अटीकडे अहवालाच्या टीकाकारांनीही फारसे लक्ष दिलेले नाही. स्वच्छतेचा नियम परदेशातून आणावा लागला असे नसून, संहितेतील नियम आणि प्रत्यक्ष नाळ कापणारे हात यांच्यामध्ये विटाळाची भिंत उभी राहिली होती. ज्यांनी संहिता वाचली ते सूतिकागृहात शिरत नव्हते. ज्या शिरत होत्या त्यांना अक्षरापासून दूर ठेवले होते. पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्याशिक्षणाची सोय केली, तेव्हा ही भिंत वरच्या बाजूने थोडी ढासळली. खालच्या बाजूला ती तशीच राहिली.

अलीकडील संशोधनाने दाईकडे सहानुभूतीने पाहिले, हे मान्य करावयास हवे. अंशू मल्होत्रा यांचा २००३ मधील अभ्यास पंजाबापुरता मर्यादित असल्याने तेथे ‘दाई’ हा शब्द शोभतोही. मात्र अशा अभ्यासांचे निष्कर्ष दक्षिणेस लागू करताना शब्द आणि त्याबरोबर त्यातील गृहीतेही उचलली जातात, तेथे सावध राहिले पाहिजे. मराठी शासनव्यवहाराने तर दोन टोके गाठली. शिक्षित स्त्रीसाठी ‘परिचारिका’, ‘प्रसाविका’, ‘अधिपरिचारिका’ अशी संस्कृतोद्भव पदनामे घडविली, आणि गावातील स्त्रीसाठी ‘प्रशिक्षित दाई’ हा अहवालाचाच शब्द कायम ठेवला. मधली ‘सुईण’ दोन्हीकडून गळाली.

कर्नाटकात असे घडले नाही. पावगड तालुक्यातील नरसम्मा यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या वेळी व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले त्या वेळीही, त्यांचा उल्लेख ‘सूलगित्ती नरसम्मा’ असाच झाला. पदवीच्या जागी व्यवसायाचे देशी नाव होते.