डार्विनच्या फिंच पक्ष्यांना लेबल नव्हतं

डार्विन गालापागोस बेटांवर उतरला, फिंच पक्ष्यांच्या वेगवेगळ्या चोची पाहिल्या आणि त्याला उत्क्रांतीचा सिद्धांत सुचला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ती खरी नाही. आणि गंमत म्हणजे ती पसरायला डार्विनच्या प्रवासवर्णनाचाही थोडा हातभार आहे. म्हणून हे पुस्तक हातात घेतलंत की आधी आवृत्तीचं साल बघा.

'बीगल' जहाज डिसेंबर १८३१ मध्ये इंग्लंडहून निघालं आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये परतलं. जवळजवळ पाच वर्षांच्या या प्रवासात गालापागोसला मिळाले फक्त पाच आठवडे, सप्टेंबर-ऑक्टोबर १८३५. तिथे डार्विनने फिंच गोळा केले, पण कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा हे नीट नोंदवलं नाही. त्यातल्या काहींना तर तो फिंच मानतच नव्हता. जानेवारी १८३७ मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने सांगितलं की हे सगळे एकाच गटातले जवळचे नातेवाईक आहेत. मग डार्विनला कॅप्टन फिट्झरॉय आणि इतर सहप्रवाशांच्या नमुन्यांवरून बेटांचा हिशेब जुळवावा लागला. मॉकिंगबर्ड पक्ष्यांची बेटवार नोंद मात्र त्याने ठेवली होती, आणि प्रजाती खरंच स्थिर असतात का, ही शंका परतीच्या वाटेवर त्याला आली ती त्यांच्यावरून.

आता पुस्तकाकडे येऊ. पहिली आवृत्ती १८३९ ची, सुधारलेली १८४५ ची. एकाच मूळ प्रजातीत बदल होत होत हे पक्षी घडले असावेत, असं सुचवणारं प्रसिद्ध वाक्य १८४५ च्या आवृत्तीत आलं. चोचींचं चित्रही तेव्हाचंच. तोवर त्याच्या वह्या सुरू होऊन आठ वर्षं झाली होती, माल्थस वाचून सात. पण प्रकरण प्रवासाच्या क्रमानेच राहिलं. त्यामुळे १० वर्षांनंतरचा विचार बेटावर उभं राहून केल्यासारखा वाटतो.

माझ्या मते पुस्तकाची ही खरी उणीव आहे. चिलीतला फेब्रुवारी १८३५ चा भूकंप आणि वर उचलला गेलेला किनारा वाचताना निरीक्षण कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं, हे बऱ्यापैकी कळतं. गालापागोसच्या प्रकरणात ती रेघ पुसट होते. अर्थात, दोन बेटांवरचे नमुने एकत्र झाले होते हे डार्विन तिथेच मोकळेपणाने सांगतो. त्याने फसवलं, असं म्हणता येणार नाही. त्याने फक्त कधी काय कळलं हे वेगळं ठेवलं नाही, आणि नंतरच्या वाचकांनी उरलेली गोष्ट रचली. १८५९ च्या 'ओरिजिन' मध्ये या फिंचचा नावाने उल्लेखसुद्धा नाही!

प्रबंध लिहिताना आपणही हेच करतो. निष्कर्ष हाती आला की सुरुवातीचा गोंधळ आपोआप सरळ रेषेत लिहिला जातो. त्यावर उपाय साधा आहे: नमुन्यावर जागा आणि तारीख, वहीतल्या प्रत्येक नोंदीला तारीख, आणि नंतर सुचलेलं जुन्या पानावर न घुसवता नव्या पानावर. डार्विनच्या तारीखवार वह्या टिकल्या म्हणूनच त्याच्या पुस्तकातली ही सरमिसळ आज आपल्याला सोडवता येते.