एका गुप्तमंडळाची बनावट पूर्वपीठिका : एलिक हाऊ यांच्या ग्रंथाचे परीक्षण

जुने कागद जमविणाऱ्या गृहस्थांस एक अनुभव वारंवार येतो. ज्या घराण्यापाशी अस्सल कागद थोडे, त्याची पूर्वपीठिका बहुधा फार लांबची असते. आणि जेथे पूर्वपीठिका फार लांबची, तेथे ती सिद्ध करणारा एखादा कागद नेमका हवा त्या वेळी सापडतो. प्रस्तुत टिपणात ज्या ग्रंथाचा परामर्श घ्यावयाचा आहे तो आपल्या इतिहासासंबंधी नसून, लंडन शहरी १८८८ साली स्थापन झालेल्या एका गुप्तमंडळाविषयी आहे. तथापि कागद पारखावा कसा, व तो खोटा ठरल्यावर त्याचे करावे काय, या दोन्ही प्रश्नांचा विचार करण्यास तो इतका उपयोगी आहे की, आमच्या संग्राहक मित्रांनी तो अवश्य पाहावा. ग्रंथाचे नाव ‘द मॅजिशियन्स ऑफ द गोल्डन डॉन’. कर्ते एलिक हाऊ. प्रकाशन लंडन, १९७२. पन्नासांहून अधिक वर्षे लोटली, तरी मराठीत त्याची चिकित्सा झालेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

विषयाची पार्श्वभूमी प्रथम सांगितली पाहिजे. फ्रीमेसन मंडळी आपल्या संस्थेचा उगम फार प्राचीन काळी दाखवीत आली. जेम्स अँडरसन यांनी १७२३ साली या मंडळाची घटना छापली, तीत शिल्पविद्येचा इतिहास थेट आदमापासून आरंभिला आहे. लंडनच्या ग्रँड लॉजचे स्थापनावर्ष १७१७ असे सर्वत्र सांगितले जाते; परंतु त्याचा मुख्य आधार म्हणजे याच अँडरसन यांच्या ग्रंथाची १७३८ ची आवृत्ती होय. खरी स्थापना १७२१ सालची असावी, असा पक्ष अलीकडे अँड्र्यू प्रेस्कॉट व सुझन मिचेल सॉमर्स या अभ्यासकांनी मांडला आहे. या काल्पनिक वंशावळींस कंटाळून काही मेसन विद्वानांनीच ‘क्वाटुओर कोरोनाटी’ नावाचे, क्रमांक २०७६ चे लॉज काढले. त्याची सनद १८८४ सालची असून प्रत्यक्ष काम १८८६ साली सुरू झाले. कागदाविना विधान करू नये, हा त्यांचा बाणा. आपल्याकडे कै. राजवाडे यांनी अस्सल कागदाचा जो आग्रह धरला, त्याचेच हे भावंड म्हणता येईल. हे लॉज वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढील कथेतील दोन पात्रे त्याच्याच सभासदांपैकी आहेत.

आता मूळ कथा. डॉ. विल्यम विन वेस्टकॉट हे लंडन येथील कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. त्यांनी असे सांगितले की, रेव्हरंड वुडफर्ड या वृद्ध मेसन धर्मोपदेशकाकडून आपणांस सांकेतिक लिपीतील सुमारे साठ पत्रांचे एक हस्तलिखित मिळाले. लिपी उलगडता त्यात पाच दीक्षाविधींची टाचणे निघाली. शिवाय जर्मनीतील फ्राउलाईन श्प्रेंगेल नावाच्या एका सिद्ध स्त्रीचा पत्ताही मिळाला. वेस्टकॉट यांनी तिला पत्र धाडले, तिचे उत्तर आले, आणि इंग्लंडात शाखा काढण्याची अनुज्ञा मिळाली. त्या अनुज्ञेच्या बळावर वेस्टकॉट, सॅम्युएल लिडेल मॅथर्स व डॉ. वुडमन या तिघा मेसनांनी मार्च १८८८ मध्ये ‘गोल्डन डॉन’ मंडळाचे पहिले मंदिर स्थापिले. त्याचा क्रमांक मात्र १ नव्हे, ३ होता! आधीची दोन मंदिरे असलीच पाहिजेत, हे वाचणाऱ्याने आपले आपण अनुमानावे, अशी ती योजना. १८९० साली जर्मनीहून पत्र आले की, सिद्ध स्त्री निवर्तली. यापुढे पत्रव्यवहार नको.

हाऊ यांनी ही कथा तपासली ती साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी. त्यांचा मुख्य रोख जर्मन पत्रांवर आहे. ती पत्रे हस्ताक्षर व भाषा यांच्या जाणकारास दाखविता, त्यांतील जर्मन भाषा ही जिची ती मातृभाषा आहे अशा स्त्रीची नव्हे, तर इंग्रजीत विचार करून जर्मन लिहिणाऱ्याची आहे, असे निष्पन्न झाले. शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्यास हा पुरावा फार पटतो. मराठी मुलगा इंग्रजी निबंध लिहितो तेव्हा शब्द इंग्रजी असतात, परंतु वाक्याचा सांगाडा घरचाच राहतो. अक्षर बदलता येते, शाई जुनी करता येते; वाक्याचे हाड मात्र बदलत नाही.

सांकेतिक हस्तलिखिताची गोष्ट निराळी. त्याच्या काही पत्रांवर १८०९ चे जलचिन्ह आहे, व पूर्वी काही भाविक हाच त्याच्या जुनेपणाचा पुरावा मानीत. परंतु जलचिन्ह कागदाचे वय सांगते, लेखनाचे नव्हे. जुना कोरा कागद मिळविणे कधीही कठीण नव्हते. मजकुरात टॅरोटचे पत्ते व हिब्रू अक्षरे यांची सांगड आहे. आणि ही सांगड गुप्तविद्येच्या वर्तुळात रूढ झाली ती फ्रान्समध्ये एलिफास लेव्ही यांचे ग्रंथ १८५४ नंतर प्रसिद्ध झाल्यावर. लेखनाची भाषा इंग्रजी. केवळ अक्षरांच्या जागी खुणा, त्याही ट्रिथेमियस या मठाधिपतीच्या १५१८ साली छापलेल्या ग्रंथातून घेतलेल्या. १८७७ साली मेसन ज्ञानकोश रचणारे केनेथ मॅकेन्झी हे त्याचे कर्ते असावेत, याकडे आज पुष्कळ अभ्यासकांचा कल आहे. तसे असेल तर हस्तलिखित एकाचे व पत्रे दुसऱ्याची. दोन निरनिराळ्या कागदांस एकच ‘बनावट’ हा शिक्का मारून चालणार नाही, हे येथे स्पष्ट दिसते. पहिला कागद आपल्या कर्त्याविषयी मौन पाळतो. दुसरा आपला कर्ता कोण हे खोटे सांगतो.

साक्षीपुराव्याची मौज पुढेच आहे. फेब्रुवारी १९०० मध्ये मॅथर्स यांनी फ्लोरेन्स फार या सभासद स्त्रीस पॅरिसहून लिहिले की, जर्मन पत्रव्यवहार वेस्टकॉट यांनी स्वतः बनविला अथवा बनवून घेतला. सहसंस्थापकाचीच ही साक्ष. ती निर्णायक वाटावी. परंतु त्याच पत्रात ते म्हणतात की, ती जर्मन सिद्ध स्त्री हयात असून सध्या पॅरिसला आपणांपाशीच आहे! पॅरिसला आलेली स्त्री ठक होती; पुढल्याच वर्षी लंडनच्या न्यायालयात तिला व तिच्या पतीस शिक्षा झाली. म्हणजे आरोप करणारा साक्षीदारच त्या वेळी फसलेला होता. वेस्टकॉट यांस सभासदांनी विचारले, तेव्हा त्यांनी कायद्याच्या दृष्टीने आपण काही सिद्ध करू शकत नाही असे उत्तर दिले. वुडफर्ड १८८७ सालीच वारले होते, वुडमन १८९१ साली. रोज प्रेतांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे सर्व साक्षीदार मृत निघावे, हा योगायोग विलक्षण खरा.

आणि आता त्या लॉजकडे वळू. वुडफर्ड हे क्वाटुओर कोरोनाटी लॉजच्या संस्थापकांपैकी एक. वेस्टकॉट हे १८९३ साली त्याच लॉजचे प्रमुख झाले. कागदाविना विधान करू नये असे सांगणाऱ्या मंडळीतच, विधानासाठी कागद निर्माण करणारा माणूस बसला होता. याचा अर्थ लॉजचे कार्य खोटे, असा नव्हे. अर्थ इतकाच की, खरा कागद कसा असतो हे ज्यास चांगले ठाऊक, तोच चांगला खोटा कागद करू शकतो. खुद्द हाऊ हे याचे दुसरे, पण निर्मळ, उदाहरण होय. ते मुद्रणकलेचे इतिहासकार; दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारच्या गुप्त प्रचारखात्यासाठी बनावट जर्मन कागदपत्रे छापवून घेण्याचे काम त्यांजकडे होते, व ती हकीकत त्यांनी १९८२ साली ग्रंथरूपाने स्वतःच सांगितली. चोराची पावले चोरास ठाऊक, ही म्हण येथे गौरवार्थाने लावावी लागते.

येथवर ग्रंथाची स्तुती केली, आता दोष. हाऊ यांस मंडळाचे सभासद हास्यास्पद वाटतात, आणि ते हसू त्यांच्या लेखणीत वारंवार उतरते. भांडणे, हकालपट्ट्या व पत्रोपत्री यांचे वर्णन ते चवीने करतात. परंतु ज्या विधींसाठी ही माणसे वर्षानुवर्षे जमत राहिली, त्या विधींपाशी आल्यावर त्यांची उत्सुकता संपते. वास्तविक विधींची साधने दुर्मिळ नव्हती. इस्राएल रेगार्डी यांनी १९३७ ते १९४० या काळात ती चार भागांत छापली होती. पत्रे खोटी ठरली, सबब मंडळ खोटे, असा निष्कर्ष हाऊ शब्दांनी मांडीत नाहीत. पण ग्रंथाची मांडणी वाचकास तिकडेच नेते.

हा निष्कर्ष प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कवी येट्स १८९० साली मंडळात आले. १९०० सालच्या चौकशीच्या मंडळींत ते होते. बनावटीचा आरोप त्यांच्यापुढेच आला. तरीही ते मंडळ सोडून गेले नाहीत. पुढे कित्येक वर्षे ते त्याच्या उत्तर-शाखेत राहिले. (याच येट्स यांनी पुढे बडनेऱ्याचे श्रीपुरोहितस्वामी यांच्यासह दहा उपनिषदांचे भाषांतर १९३७ साली प्रसिद्ध केले, हे वाचकांस विदित असेलच.) शिवाय या मंडळात स्त्रियांस आरंभापासून पुरुषांच्या बरोबरीने दीक्षा मिळे, पहिल्या दीक्षितांत तत्त्वज्ञ बर्गसाँ यांची भगिनी मीना होती. इंग्लंडच्या मेसन लॉजांत हे त्या काळी शक्य नव्हते. जर्मन सिद्धेची पत्रे खोटी. पण तिच्या नावाखाली इंग्रज स्त्रियांस जे आसन मिळाले ते खरे होते.

आमच्या शास्त्रात शब्दप्रमाणाची सारी भिस्त आप्तावर असते. आणि नव्या संप्रदायास आप्त जुना लागतो. आपल्याकडील कितीतरी स्थलमाहात्म्ये स्वतःस स्कंदपुराणाचा भाग म्हणवितात, व तंत्रग्रंथ शिवपार्वतीसंवादाचे रूप घेतात. तेथे कर्ता आपले नाव मिटवितो, व ऐकणाऱ्यासही ती रीत ठाऊक असते. वेस्टकॉट यांनी देवतेचे नाव न घेता टपालाचा पत्ता दिला. पत्र, तारीख, सही दिली. कारण त्यांचे श्रोते पुराणश्रवण करणारे नव्हते. कागद मागणारे होते. ज्या काळात कागद हेच प्रमाण झाले, त्या काळातील भक्तीने कागदच बनविला. १८७९ साली मुंबईस येऊन थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे मांडणाऱ्या मादाम ब्लाव्हॅट्स्की यांच्या ‘महात्म्यां’चीही पत्रेच येत, व त्यांच्या अक्षरावरून १८८५ पासून वाद चालला. हाऊ यांनी ही युगाची खूण ओळखून त्यावर एक प्रकरण लिहिले असते, तर त्यांचा ग्रंथ केवळ आरोपपत्र न राहता इतिहास झाला असता.

हे सर्व इतक्या आग्रहाने लिहिण्यास एक खासगी कारण आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मजकडे एक मोडी पत्र आणले. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीतील, गाव इनाम दिल्याचे. मायना, वळण, शिक्का सर्व ठीक पाहून मी त्यांस आनंदाने दुजोरा दिला, व त्यावर टिपणही लिहावयास घेतले. एके सकाळी पत्र सहज खिडकीशी धरता कागदात विलायती कारखान्याचे जलचिन्ह व त्याखाली अठराशे पन्नासच्या सुमाराचे साल दिसले. टिपण फाडले, लज्जेने पत्र पेटीच्या तळाशी टाकले. पुढे वर्षभराने उमगले की, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन कडक झाले, व सनदा दाखवा नाहीतर इनाम सोडा, अशी पाळी घरोघर आली. त्या भयातून हा कागद जन्मला होता. शाहूकालाविषयी तो अक्षरही सांगत नाही. परंतु कमिशनच्या काळी एका कुटुंबाच्या पोटात जो गोळा उठला, त्याचा त्याहून अस्सल पुरावा माझ्या संग्रही दुसरा नाही. तो मी पुन्हा वर काढला, व खऱ्या सालाखाली ठेवला.

१८४३ साली मुंबईस ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे हिंदी लोकांस खुले असलेले मेसन लॉज निघाले. तेव्हा असल्या मंडळांच्या सनदा, दीक्षापत्रे व विधींची टाचणे आपल्याकडील दप्तरांतही निघणे असंभाव्य नाही. ती हाती येतील तेव्हा चार गोष्टी क्रमाने विचाराव्यात : लिहिले कशावर, भाषेचे हाड कोणाचे, आपल्यापूर्वी कागद कोणकोणाच्या हाती होता, आणि तो खरा मानला जाण्याने लाभ कोणाचा. पहिल्या तिन्ही परीक्षांत हाऊ हे उत्तम गुरू आहेत. चौथीत ते अर्ध्यावर थांबतात. लाभ म्हणजे केवळ लबाडाचा लाभ, असे ते धरून चालतात. कागद खोटा ठरला म्हणजे संशोधकाचे अर्धे काम झाले. तो ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवसाचा तो खराच असतो. तो दिवस शोधून काढणे, हे उरलेले अर्धे काम होय.